शब्दचर्चा: ‘आय ट्रॅकिंग’ला काय म्हणायचं? नेत्र, दृष्टी की नजर?

कोरांटी
व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटमधल्या प्रायव्हसीच्या सूचना मराठीत आणायचं काम आलंय. डोळ्यांसमोर बांधलेलं हे यंत्र आतल्या कॅमेऱ्यांनी आपले डोळे बघत असतं आणि आपण कुठे बघतोय ते टिपत राहतं. त्याला ‘आय ट्रॅकिंग’ म्हणतात. हातात आलेल्या खर्ड्यात त्याचं ‘नेत्र अनुसरण’ केलंय. पुढे ‘आम्ही आपल्या नेत्रविदेची गोपनीयता जपतो’ असंही एक वाक्य आहे, विदा म्हणजे डेटा. व्याकरणात खोट नाही, पण वाचणाऱ्याला त्यातून कळणार काय? नेत्र, दृष्टी, नजर यांतलं काय घ्यावं? आणि प्रायव्हसीला ‘गोपनीयता’ चालेल का?

चष्मिष
डोळे झाकून ‘नजर’ घ्या. आपल्याकडे नजर फिरते, खिळते, चुकवता येते, दुसऱ्यावर ठेवताही येते. यंत्र नेमकं हेच मोजतंय. दृष्टी चांगली असते किंवा अधू असते. ‘दृष्टी तपासणी’ वाचलं की लोक नेत्रशिबिरालाच आल्यासारखे रांगेत उभे राहतील. ‘अनुसरण’ तर नकोच, ते संतांच्या मार्गाचं करायचं. चोराचा माग काढतात, जनावराचा माग काढतात, तसा ‘नजरेचा माग’. जोडशब्दच हवा असेल तर ‘नजरमाग’, पण तो पहिल्यांदा वाचताना अडखळायला होतं.

पोथीनिष्ठ
एक अवांतर. मराठीत ‘नजर’ हे दोन वेगळ्या शब्दांचं एकच रूप आहे. दोन्ही अरबीतून फारसीमार्गे आले. एक बघण्याचा, दुसरा अर्पण करण्याचा. मूळ लिपीत मधलं अक्षर निराळं, आपल्याकडे दोन्हींचा ‘ज’ झाला. नजरकैद पहिल्याची, नजराणा दुसऱ्याचा. जुन्या कागदांत ‘नजर केली’ म्हणजे बहुधा भेट दिली. हेडसेटवाल्यांना आपण यातली कुठली नजर करतो ते तुम्हीच ठरवा.

तांबट
माझं रोजचं काम या यंत्रांशी आहे म्हणून जरा लांबण लावतो. शब्द ठरवण्याआधी वस्तू किती आहेत ते मोजायला हवं, कारण ‘नेत्रविदा’ या एका गाठोड्यात निदान चार वस्तू बांधल्यात.

भिंगाच्या कडेने बारीक अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे असतात. तो उजेड आपल्याला दिसत नाही, पण पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, त्याचे चकाकते ठिपके पडतात. कॅमेरा त्या ठिपक्यांचं आणि बाहुलीचं चित्र घेतो. ठिपके आणि बाहुलीचा मध्य यांच्यातल्या अंतरावरून नजरेची दिशा काढली जाते. सुरुवातीला पडद्यावर इकडे-तिकडे उमटणाऱ्या ठिपक्यांकडे बघायला सांगतात, ते हे गणित तुमच्या डोळ्यांशी जुळवून घेण्यासाठी. म्हणजे डोळ्याचं चित्र ही पहिली वस्तू, त्यावरून काढलेली नजरेची दिशा ही दुसरी. बुबुळाची नक्षी, जिच्यावरून माणूस ओळखता येतो, ती तिसरी. आणि नजर कुठे किती वेळ थांबली यावरून तुम्हाला काय आवडलं असेल याचा बांधलेला अंदाज, ही चौथी.

आता कंपन्या काय म्हणतात ते या चार नावांनी वाचा. २०२२ च्या मेटा क्वेस्ट प्रोमध्ये ही सोय मुळात बंद असते, ती आपण चालू करायची. डोळ्यांची चित्रं हेडसेटमध्येच वापरून लगेच पुसली जातात, असं मेटा सांगते. पण एखाद्या अ‍ॅपने परवानगी मागितली आणि आपण ‘हो’ दाबलं, की काढलेली नजर त्या अ‍ॅपला मिळते. पुढे त्या नजरेचं काय करायचं ते त्या अ‍ॅपचं धोरण ठरवतं. ‘डोळ्यांचे फोटो पुसले जातात’ हे वाक्य पहिल्या वस्तूबद्दल आहे, वाचणारा मात्र ते चारही वस्तूंना लावतो.

अ‍ॅपलने व्हिजन प्रोमध्ये दुसरी वाट धरली. तो फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. त्यात नजर हाच माउस आहे, तरी आपण कुठे बघतोय ते अ‍ॅपला सांगितलंच जात नाही. बटणाकडे पाहिल्यावर ते उजळतं, पण ते उजळवण्याचं काम हेडसेटची प्रणाली स्वतः करते, अ‍ॅपच्या नकळत. अंगठा आणि बोट चिमटीसारखं जुळवलं की मगच ‘हे बटण निवडलं’ एवढं अ‍ॅपपर्यंत पोचतं. कुलूप उघडायला बुबुळ वापरतात, त्याचा तपशील सांकेतिक रूपात हेडसेटमध्येच राहतो. माझ्या मते ही रचना जास्त प्रामाणिक आहे, कारण अ‍ॅपने सभ्यपणे वागावं या भरवशावर ती उभी नाही.

यंत्राला नजर मुळात हवी कशाला, तर चित्र काढण्याचा भार कमी करायला. आपल्याला अगदी स्पष्ट दिसतं ते मधल्या एक-दोन अंशांत, बाकी सगळं धूसरच. तेव्हा बघतोय तेवढंच चित्र रेखीव काढायचं. २०२३ चा प्लेस्टेशन व्हीआर२ हेच करतो. एवढ्यासाठी नजर हेडसेटबाहेर जायचं काही कारणच नाही.

कोरांटी
मस्त समजलं. पण समजा अ‍ॅपला नजर कळली, तर बिघडतं काय? मी भिंतीकडे बघतेय की खुर्चीकडे, याचं कुणाला काय पडलंय?

तांबट
२०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हिजन प्रोवरच ‘गेझप्लॉइट’ नावाचा हल्ला करून दाखवला. व्हिडिओ कॉलवर आपल्याऐवजी आपल्या चेहऱ्याची प्रतिकृती दिसते, तिला ‘पर्सोना’ म्हणतात. तिचे डोळे आपल्या डोळ्यांबरोबर हलतात. कॉल चालू असताना आपण हवेतल्या कीबोर्डवर नजरेने अक्षरं निवडत असू, तर समोरच्याला प्रतिकृतीच्या डोळ्यांवरून काय टाइप होतंय ते बऱ्यापैकी ओळखता येत होतं. पासवर्डसुद्धा. अ‍ॅपलने जुलै २०२४ मध्ये व्हिजनओएस १.३ या हेडसेटच्या प्रणालीत हे बुजवलं. आता कीबोर्ड उघडा असताना पर्सोना थांबते. गंमत बघा, इथे नजरेचा एकही आकडा कुणाला दिलेला नव्हता. नजर दिसत होती, तेवढंच पुरलं.

शिवाय बाहुली नुसत्या उजेडाने लहानमोठी होत नाही, डोक्याला ताण पडला की रुंदावते. खुर्चीकडे बघताना किंमत वाचून ती रुंदावली, तर ते कळण्यात दुकानदाराला रस असतोच.

पोथीनिष्ठ
बुबुळ आणि बाहुली यांची सरमिसळ टाळा. बोलताना लोक डोळ्याच्या सगळ्या काळ्या भागाला बुबुळ म्हणतात. दहावीच्या विज्ञानात बुबुळ म्हणजे तो गडद पडदा आणि त्याच्या मधोमध असलेलं छिद्र म्हणजे बाहुली. आधारसाठी स्कॅन होतं ते बुबुळ. २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीतून आधारवाटप सुरू झालं, तेव्हापासून हा शब्द गावोगाव पोचलाय. तोच वापरा, ‘परितारिका’ वगैरे नको.

खडीसाखर
गोपनीयतेबद्दल. मंत्री ‘पद आणि गोपनीयतेची शपथ’ घेतात, म्हणजे सरकारचं गुपित फोडणार नाही म्हणतात. गोपनीय असतं ते लपवायचं. माझ्या नजरेत लपवण्यासारखं काही नाही, तरी ती माझी आहे. म्हणून ‘खासगीपणा’. होळकरांच्या राज्यात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ असे दोन वेगळे हिशेब असत. घराण्याचं ते खासगी, राज्याचं ते दौलत. ‘यात तुमचा हात नको’ हा अर्थ त्या शब्दात जुनाच आहे.

कोरांटी
खासगी की खाजगी?

खडीसाखर
मूळ ‘खास’, म्हणून मी खासगी लिहिते. खाजगीही सर्रास चालतं. एका मजकुरात एकच ठेवा म्हणजे झालं.

चष्मिष
सहमत, पण मेनूवर ‘गोपनीयता धोरण’च राहू द्या. लोकांना ती पाटी पाठ झालीय, नवी लावली तर सापडणार नाही. आतल्या वाक्यांत खुशाल खासगीपणा आणा.

खडीसाखर
चालेल. कायद्याचंही सांगून ठेवते, कारण हे मराठी हौसेचं राहिलेलं नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. त्यात मराठी आलीच. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, संमतीची कलमं टप्प्याने लागू व्हायचीत. संमती माहितीपूर्वक आणि निःसंदिग्ध हवी असं कायदा म्हणतो. ‘नेत्रविदा’ वाचून दिलेली संमती माहितीपूर्वक कशी म्हणायची?

बारकावा असा, की युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात बायोमेट्रिक (शरीराच्या खुणांच्या) डेटाला खास संरक्षण मिळतं ते त्यावरून माणूस ओळखायचा असेल तेव्हा. बुबुळ त्यात सहज बसतं. नुसती नजर बसेलच असं नाही, वाद घालायला जागा राहते. आपल्या नव्या कायद्यात संवेदनशील असा वेगळा वर्गच नाही, सगळा वैयक्तिक डेटा एका मापाने मोजलाय. १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मात्र मनाई आहे. सरकार सूट देऊ शकतं, तो भाग वेगळा. पण बघा, तिथे ‘पाळत’ शब्द हवा. ‘माग’ यंत्र काढतं, ‘पाळत’ माणूस किंवा कंपनी ठेवते.

कोरांटी
मग असं लिहू का? ‘हेडसेट तुमच्या डोळ्यांची चित्रे घेऊन तुमची नजर कुठे आहे ते ओळखतो. चित्रे हेडसेटमध्येच पुसली जातात. तुम्ही परवानगी दिलेल्या अ‍ॅपला तुमची नजर कळते. ते अ‍ॅप तिचा वापर त्याच्या धोरणानुसार करू शकते. बुबुळावरून तुमची ओळख पटवली जात नाही.’

तांबट
शेवटचं वाक्य त्या हेडसेटला खरंच लागू आहे का ते विचारून घ्या. आणि ‘नजर कळते’च्या पुढे ‘परवानगी काढून घेईपर्यंत’ टाका. ती सेटिंगमध्ये कुठे काढायची तेही तिथेच सांगा, तीन पानं खाली नको.

चष्मिष
‘पुसली जातात’ऐवजी ‘हेडसेट ती पुसतो’. कोण पुसतंय ते दिसू दे.