मदत हवी आहे: मराठी-कन्नड-टॅली तिन्हीला चालणारा, मनगटाला त्रास न देणारा कीबोर्ड

मलप्रभाकाठ:

नमस्कार मंडळी. खानापुरात आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सकाळी कन्नड अर्ज (तहसीलदार ऑफिस, पंचायत, उताऱ्यातली नावदुरुस्ती), दुपारी मराठी (लग्नपत्रिका, मंडळांची पत्रकं, शाळेचे पेपर) आणि संध्याकाळी बेळगावच्या उद्यमबागेतल्या दोन वर्कशॉपवाल्यांचं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर). म्हणजे बोटांना सुट्टी अशी नाहीच.

गेले काही महिने उजवं मनगट करंगळीच्या बाजूनं दुखतंय. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. रात्री काही होत नाही, पण संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना कळ येते. डॉक्टरांना दाखवलं. हाडाला काही नाही म्हणाले, कामाची पद्धत बदला म्हणाले. ती कशी बदलायची ते विचारायच्या आत पुढचा पेशंट आत आला होता.

आता अर्गोनॉमिक कीबोर्ड घ्यावा म्हणते. बजेट पाच-सहा हजार, त्याच्यावर नको. सध्या साधा मेंब्रेनचा, नंबरपॅडवाला मोठा कीबोर्ड आहे. मराठी इन्स्क्रिप्टवर (भारतीय भाषांची सरकारी कीबोर्ड मांडणी) करते, कन्नड नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर). दोन्ही न बघता. पण मी जेवायला गेले की भाचा बसतो आणि तो अक्षरं बघूनच मारतो. तेव्हा त्याला अजिबात कळणार नाही असं काही विचित्र यंत्र नको. नंबरपॅड मात्र पाहिजेच, त्याच्याशिवाय टॅली नाही.

एक विचित्र गोष्ट सांगून ठेवते, उपयोग होईल का बघा. कन्नडचं काम जास्त असलं त्या दिवशी एवढं दुखत नाही. मराठीच्या दिवशी दुखतं. घरी हे म्हणतात मनाचे खेळ आहेत.

उद्यमबाग_लेथ:

मेकॅनिकल घ्या वैनी, म्हणजे प्रत्येक कीखाली स्प्रिंगचा वेगळा स्विच असतो तो, आणि त्यात रेड स्विचचा. ४५ ग्रॅमच्या दाबावर की लागते, तळापर्यंत ठोकायला नको. ब्लू घेऊ नका, नुसती टकटक. समोर गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकू यायचं नाही.

निपाणकर:

कीबोर्डच्या आधी टेबल मोजा. खुर्चीत बसून हात सरळ खाली सोडा, कोपर काटकोनात दुमडा आणि कोपराची जमिनीपासूनची उंची टेपनं घ्या. मग टेबलाची घ्या. आपल्याकडची बहुतेक टेबलं ३० इंचाच्या आसपास असतात आणि दुकानाचा काउंटर त्याच्याहून वरच. टेबल कोपराच्या वर गेलं की खांदे उचलले जातात, कोपर बाहेर फाकतं आणि मनगट वाकडं होतं. त्यावर दहा हजाराचा कीबोर्ड ठेवला तरी तो त्याच उंचीवर बसणार.

आणि कीबोर्डच्या मागचे ते दोन पाय असतात ना, ते आजच मिटवा. ते उभे केले की मनगट वरच्या बाजूला मोडतं. खरं तर हवं ते उलटं, मागची बाजू थोडी खाली. ते पाय कंपन्या अजून का देतात हे मला आजवर कळलेलं नाही.

मलप्रभाकाठ:

मोजलं. कोपर २५ इंचावर, टेबल ३० वर! पाय मिटवले. पण टेबल भिंतीत बसवलेलं आहे आणि खुर्ची प्लास्टिकची, वरखाली होत नाही.

निपाणकर:

पाच इंच म्हणजे फारच झालं. सुताराकडून टेबलाखाली सरकता ट्रे बसवून घ्या. पण रुंदीला निदान दोन सव्वादोन फूट करायला सांगा. तयार मिळतात ते अरुंद असतात, त्यात कीबोर्ड मावतो आणि माउस वर टेबलावरच राहतो. मग उजवा हात वर, डावा खाली. ट्रे जमत नसेल तर चाकाची, उंची बदलणारी खुर्ची घेऊन वर चढवा आणि पायाखाली पाट ठेवा. पाय लोंबकळत ठेवू नका.

टिळकवाडी_फिजिओ:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण इथं बघितल्याशिवाय निदान करणार नाही. दुखणं कुठं आहे यावरून अंदाज तेवढा बांधता येतो. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या, त्यातून रात्री जाग येणं, असं असेल तर मनगटातल्या मधल्या नसेचा विचार करतात. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या असतील तर कोपराकडची नस. तुम्हाला दोन्ही नाही, ही चांगली गोष्ट. मुंग्या सुरू झाल्या किंवा हातातून वस्तू निसटायला लागल्या तर धागा वाचत बसू नका, लगेच दाखवा.

करंगळीच्या बाजूचं दुखणं बहुतेक वेळा पंजा बाहेरच्या बाजूला, म्हणजे करंगळीकडे, वाकवून काम केल्यानं येतं. सरळ कीबोर्डवर दोन्ही हात शरीरासमोर एकत्र आणले की पंजे आपोआप तसे वळतात. मधून दुभंगलेल्या कीबोर्डचा उपयोग इथं होतो, हात खांद्याच्या रेषेत राहतात. दुसरं म्हणजे माउस. नंबरपॅड उजवीकडे असल्यानं माउस आठ-दहा सेंटीमीटर आणखी बाहेर जातो. दिवसातून किती वेळा तिकडे हात जातो ते बघा.

मनगटाखालची उशी टाइप करताना टेकायला नसते. थांबल्यावर हात ठेवायला असते. टेकवून टाइप केलं की मनगट एका जागी खिळतं आणि बोटं ताणली जातात.

डावा_हात_सवयीचा:

मग नंबरपॅड डावीकडे टाका की! साधा कीबोर्ड नंबरपॅड नसलेला घ्यायचा, वेगळा यूएसबी नंबरपॅड काही शे रुपयांत मिळतो. तो डाव्या हाताला. पहिले काही दिवस शिव्या द्याल, मग हात बसतो. उजवा हात माउसला आणि पानं उलटायला मोकळा. मी जीएसटीची बिलं अशीच मारतो.

उद्यमबाग_लेथ:

आमचं बिल तुमच्याकडं असतं तर मी घाबरलो असतो 😀

ळ_शिफ्ट_एन:

धागा वाचताना मलप्रभाकाठ यांच्या त्या 'विचित्र गोष्टी'वर कुणीच काही बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. मनाचे खेळ नाहीत ते. यजमानांना हे वाचून दाखवा.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. आता उजव्या करंगळीच्या वाट्याला काय काय येतं बघा. 'ज' पीवर, 'च' सेमीकोलनवर, 'ट' अवतरणचिन्हाच्या कीवर, 'ड' चौकटी कंसावर, 'य' स्लॅशवर. शिवाय 'ृ' बरोबरच्या चिन्हावर, म्हणजे पार वरच्या टोकाला.

आता 'च्या' टाइप करा. सेमीकोलन, डी, स्लॅश, ई. चार ठोक्यांत उजवी करंगळी दोनदा, आणि तीही मधल्या ओळीवरून खालच्या ओळीत उतरून. 'ज्या'ला तर वरच्या ओळीतून थेट खालच्या. लग्नपत्रिका काढून बघा: 'यांच्या', 'त्यांच्या', 'ज्येष्ठ चिरंजीव', 'कै.' सोडलं तर प्रत्येक ओळीत करंगळी. मराठीची षष्ठीच करंगळीवर चालते.

नुडीचा लेआउट ध्वनीप्रमाणे आहे. तिथं 'य' वायवर, 'च' सीवर, 'ज' जेवर. सगळे तर्जनी-मधल्या बोटाचे. म्हणून कन्नडच्या दिवशी आराम.

यातून कीबोर्ड निवडताना एक गोष्ट पक्की होते. ते चाळीस-बेचाळीस कीजचे सुटे दोन तुकडे असतात, व्हिडिओत फार सुंदर दिसतात, ते तुमच्यासाठी नाहीत. त्यात उजवीकडची शेवटची रांगच गायब असते. 'ड', 'ॉ', 'ृ' सगळं दुसऱ्या लेयरवर, म्हणजे आणखी एक की दाबून धरून मारायच्या जागी, ढकलावं लागेल. इंग्रजीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना त्या कीज कमी लागतात, आपल्याला 'गाडी' लिहायची असते.

मलप्रभाकाठ:

अहो, आत्ता करून बघितलं. 'यांच्या' टाइप करताना मनगट खरोखर बाहेर वळतंय! इतकी वर्षं मारतेय, कधी लक्षात आलं नव्हतं. मग मराठीसुद्धा ध्वनीप्रमाणे करावं का? विंडोजमध्ये मराठी फोनेटिक आहे असं भाचा म्हणतो.

ळ_शिफ्ट_एन:

आहे, विंडोज १० पासून. पण तुमचा हात इन्स्क्रिप्टवर बसलेला आहे, वेग निम्म्यावर येईल आणि लग्नसराईत गिऱ्हाईक थांबणार नाही. इन्स्क्रिप्ट सोडू नका. मायक्रोसॉफ्टचं कीबोर्ड लेआउट क्रिएटर फुकट मिळतं, त्यात नुसता मराठीचा लेआउट बदलून 'य' सोयीच्या जागी हलवता येतो, इंग्रजी-कन्नडला धक्का लागत नाही. पण मग दुसऱ्याच्या मशीनवर बसलात की गोंधळ. मी स्वतः केलं नाही.

टिळकवाडी_फिजिओ:

वरची माहिती मलाही नवी. सोपा उपाय: करंगळी ताणू नका, हातच उचलून सरकवा. पियानो वाजवणारे जसा अख्खा हात हलवतात तसं. त्यासाठी टेबल खाली हवं, नाहीतर हात उचलताना खांदा दुखेल. ट्रे आधी करा.

निपाणकर:

आता प्रत्यक्ष वस्तूंवर येतो. मायक्रोसॉफ्टचा १९९४ चा नॅचरल कीबोर्ड हा या प्रकारातला घराघरांत गेलेला पहिला. मला सर्वांत आवडलेला त्यांचाच २०१३ चा स्कल्प्ट, त्याचा नंबरपॅड सुटा होता, कुठंही ठेवा. पण मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये स्वतःच्या नावानं कीबोर्ड काढणं थांबवायचं जाहीर केलं. जुना साठा कुणी वाटेल त्या भावाला विकत असेल तर नादाला लागू नका.

लॉजिटेकचा अर्गो के८६०: मध्ये उंचवटा, दोन्ही बाजूंना कीज दुभंगलेल्या, पुढच्या बाजूला पाय आहेत त्यामुळे उलटा उतार देता येतो. वस्तू उत्तम. पण नंबरपॅडसकट रुंदी ४५ सेंटीमीटरच्या वर, म्हणजे माउस जिथं होता तिथंच. आणि बजेटच्या बाहेर.

त्यांचाच वेव्ह कीज: दुभंगलेला नाही, कीज लाटेसारख्या चढउतार. नंबरपॅड आहे आणि तरीही रुंदी ३७-३८ सेंटीमीटर. भाच्याला अनोळखी वाटणार नाही. ऑफर असली की तुमच्या बजेटात बसतो. पण पंजा सरळ होण्याचा फायदा दुभंगलेल्यापेक्षा कमी.

तिसरा मार्ग वर सांगितलेला, नंबरपॅड नसलेला साधा कीबोर्ड आणि डावीकडे सुटा पॅड. सगळ्यांत स्वस्त. तुमच्या बाबतीत मी आधी हाच करीन आणि उरलेल्या पैशात ट्रे आणि खुर्ची.

हिशेबनीस:

टॅलीवाल्यांसाठी एक. या नव्या कीबोर्डांवर वरच्या एफ कीज पहिल्यांदा आवाज, प्रकाश असल्या कामाला लावलेल्या असतात. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स मारायला जाल आणि भलतंच होईल. लॉजिटेकवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की सरळ होतात. घेताना हे विचारा, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी परत कराल.

मलप्रभाकाठ:

बापरे, हे कुणी सांगितलंच नसतं. आभार.

सुताराला सांगितलं, सव्वादोन फुटी ट्रे. नंबरपॅड मागवते. डावीकडे जमतंय का ते आधी जुन्या कीबोर्डवरच बघते, तेवढी चाचणी फुकटात होईल. वेव्ह कीजबद्दल मन होतंय पण बेळगावात दोन-तीन दुकानांत फोन केला, ऑर्डर दिल्यावर मागवू म्हणतात, दाखवायला कुणाकडे नाही. हात न लावता सहा हजार घालायचे म्हणजे जिवावर येतं.

काकतीवेस:

माझ्याकडं आहे वेव्ह कीज, ऑफिसला वापरतो. टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटजवळ घर. रविवारी बाजाराला येत असाल तर या, मिसेस घरी असतात, चहा घेऊन तासभर बसून मारा. मेसेज टाकतो.

मलप्रभाकाठ:

दादा, खरंच येऊ? भाच्यालाही घेऊन येते.

ळ_शिफ्ट_एन:

जाताना तुमचा रोजचा मजकूर घेऊन जा. एक भरगच्च लग्नपत्रिका, एक कन्नड अर्ज. इंग्रजी वाक्य मारून बघितलं तर कुठलाही कीबोर्ड चांगलाच वाटतो.

काकतीवेस:

माझ्या लॅपटॉपवर मराठी इन्स्क्रिप्ट आहे, नुडी नाही. शनिवारी टाकून ठेवतो.