स्पर्धा परीक्षा देणाऱ्या तरुणांचे मानसिक आरोग्य : जबाबदारी कोणाची?

धागालेखिका :
शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी आणि कोचिंग क्लासेसनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. पुण्यातील सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका मात्र यातून निसटतात, कारण राज्यसेवेची तयारी करणारी मुले तिथे महिन्याचे भाडे भरून फक्त खुर्ची घेतात, विद्यार्थी म्हणून त्यांची कुठेच नोंद नसते. टेबलाला वेळापत्रक चिकटवलेले, मेसचा डबा पायाशी. आणि दिवाळीलाही गावी जाणे नको, कारण ‘यंदा तरी निघणार का पोस्ट?’ हा प्रश्न तिथे वाट पाहत असतो. ऐन उमेदीची वर्षे अशी एकट्याने कुढत काढलेला तरुण उद्या अधिकारी झाला काय किंवा शेती-व्यवसायाकडे वळला काय, तो खचलेला असेल तर नुकसान साऱ्या राज्याचे आहे. म्हणून अभ्यासिकांपर्यंत समुपदेशन पोहोचवणे शासनाचे कर्तव्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ :
असहमत. आजार व्यवस्थेला आहे आणि औषध मुलांना दिले जात आहे. आधीच अनेकदा लांबलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा १४ मार्च २०२१ रोजी व्हायची होती. ती अवघे तीन दिवस आधी पुन्हा पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात मुले रस्त्यावर उतरली. त्यांना वेळेवर परीक्षा हवी होती. जाहिराती नियमित निघाव्यात, निकाल आणि नियुक्त्या रखडू नयेत, एवढे झाले तरी निम्मा ताण उतरेल.

प्रतिसाद २ :
वेळापत्रक सुधारायलाच हवे, पण ते सुधारेपर्यंत ज्याची झोप उडाली आहे त्याने थांबायचे का? माझा आक्षेप वेगळा आहे. नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो आकडा अर्थखात्याला पटवायला उपयोगी आहे. तरीही ‘उद्याचे मनुष्यबळ’ म्हणूनच मुलांची काळजी घ्यायची ठरवली, तर जो आजारामुळे कधीच नोकरी करू शकणार नाही त्याचा उपचाराचा हक्क आपण कशाच्या आधारे मागणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा हक्क प्रत्येकाला दिला आहे, कमावत्यांपुरता नव्हे.

प्रतिसाद ३ (अभ्यासिकाचालक) :
‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आम्ही पाण्याच्या पिंपाशेजारी लावला आहे. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. पण सगळ्यांदेखत तो टिपून घ्यायलाही मुले संकोचतात. आमच्यावर कायद्याने समुपदेशक लादला, तर त्याचा पगार खुर्चीच्या भाड्यातच चढेल, आणि तो भरणार शेतकऱ्याचा मुलगा.

धागालेखिका :
हक्काचा मुद्दा मान्य. मी मनुष्यबळाचा युक्तिवाद केला तो तिजोरी उघडावी म्हणून. खर्चाचा भार अभ्यासिकांवर टाकावा असे मी म्हणत नाही. बार्टी, सारथी आणि महाज्योती या शासकीय संस्था आजही स्पर्धा परीक्षार्थींना प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. त्यांनीच समुपदेशक नेमून पेठांमध्ये सर्वांसाठी विनामूल्य केंद्रे चालवावीत, आणि परीक्षा सोडू पाहणाऱ्याला पुढच्या वाटेचे मार्गदर्शनही तिथेच मिळावे. प्रतिसाद १ यांना थेट विचारते : वेळापत्रकाच्या मागणीसोबत ही मागणीही लोकसेवा आयोगापुढे आणि शासनापुढे नेण्यास आपली हरकत का असावी?