सांख्यिकीची सरकारी नोकरी : स्थलांतर आणि निर्वासितांच्या आकड्यांवर कुणी काम केलंय का?

शिरोळची

नमस्कार मंडळी. शिवाजी विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि दोन वर्षं पुण्यात एका कंपनीत कर्ज कोण बुडवणार याचे अंदाज बांधत बसले. आता कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी म्हणून निवड झालीय, पोस्टिंग अजून कळलेलं नाही. मला स्थलांतराच्या आकडेवारीवर काम करायचंय, जमलं तर निर्वासितांच्याही. घरात कुणाला पटत नाही. बाबा म्हणतात, "माणसं इकडनं तिकडं गेली ती मोजायला पगार देतात व्हय?"

हे खूळ डोक्यात कुठनं आलं ते सांगते. २०१९ च्या महापुरात आम्ही जयसिंगपूरला मावशीकडं गेलो. गावच्या यादीत 'स्थलांतरित' म्हणून आमची पाच डोकी लागली. मावशीच्या गल्लीशेजारच्या शाळेत छावणी होती. आईच्या गोळ्या मिळतात का बघायला बाबा तिथं गेले, तर तिथल्या यादीतही पाच लागली. आणि आजोबांनी तर गाव सोडलंच नव्हतं! ते म्हशीला घेऊन स्लॅबवर बसले होते. दोन्ही याद्यांत मात्र त्यांचं नाव होतं.

तर, रोजचं काम नेमकं काय असतं? आर, पायथनसारख्या संगणकभाषा वापरायला मिळतात की एक्सेलमध्येच जन्म जातो? निर्वासितांचे आकडे आपल्याकडं कोण ठेवतं? आणि फिल्डला टाकलं तर हसायचं की रडायचं?

मिसळप्रेमी

सरकारी नोकरी लागली आणि वर विचारतीस काय करू? आधी जॉईन हो. पेढे कधी?

जुनीफाईल

अभिनंदन गं. मी ३१ वर्षं राज्याच्या सांख्यिकी खात्यात काढली, मध्ये काही काळ जनगणनेकडं, काही काळ दिल्लीत प्रतिनियुक्तीवर. आता निवृत्त आहे, त्यामुळं कुणाची परवानगी न घेता लिहिते.

या कामात गणित कमी आणि शब्दांवरून भांडणं जास्त. आपल्या इथलंच उदाहरण घे. कर्नाटकातल्या निपाणीची मुलगी आपल्या कागलला सून म्हणून आली. अंतर वीसेक किलोमीटर, बोली तीच, रस्सा तोच. पण मध्ये राज्याची हद्द, म्हणून ती आंतरराज्य स्थलांतरित. आणि गोंदियाचा पोरगा महाराष्ट्र एक्सप्रेसनं अख्खं राज्य ओलांडून कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत कामाला लागला, तर तो राज्यांतर्गत. तक्त्यात सूनबाई लांबची आणि पोरगा जवळचा. वर्तमानपत्रातून फोन यायचा, "मॅडम, परराज्यातले लोंढे किती वाढले?" मी म्हणायची, "वाढले, पण त्यात तुझी वहिनी पण आहे बघ."

हा विनोद नाही. २०२०-२१ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशात स्थलांतरितांचं प्रमाण २८.९ टक्के निघालं. पुरुषांत १०.७ आणि बायकांत ४७.९. स्थलांतरित बायकांतल्या ८६.८ टक्के लग्नामुळं आलेल्या. आता इचलकरंजीला लग्न करून आलेली बाई आठव्या दिवशी मागावर कांड्या भरायला बसली तरी कारणाच्या रकान्यात 'लग्न'च राहतं. कारण एकच लिहायचं असतं ना. बायकांची मजुरी त्या एका शब्दाखाली किती झाकली गेली असेल, हा विचार मी आयुष्यभर केला, उत्तर काही काढता आलं नाही.

आता माझी चूक ऐक, तुला ती पगारापेक्षा जास्त उपयोगी पडेल. एका नमुना पाहणीचा डेटा तपासायला माझ्याकडं आला होता. नदीकाठचं गाव, जानेवारी महिना. त्यात चाळीसएक कुटुंबं अशी, की सगळ्यांचं आधीचं गाव एकच, जिल्हा बीड, आल्याचा महिना एकच, कारण 'काम', खोली एक, छप्पर पाचटाचं. नवरा-बायको आणि दोन-तीन पोरं. माझ्या प्रोग्रॅमनं सगळ्यांवर शेरा मारला : पुनरावृत्ती. मी म्हटलं, प्रगणकानं टपरीवर बसून एक फॉर्म भरला आणि तोच चाळीस वेळा उतरवला. सगळे फॉर्म बाजूला काढले आणि त्याच्याविरुद्ध कडक टिपण लिहिलं. साहेबांनी सहीआधी एवढंच विचारलं, "बाई, जागेवर गेलाय का?"

गेले. साखर कारखान्याच्या रस्त्याला रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांची, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांची, रांग. एका गावची टोळी, एका मुकादमाची, एकाच ट्रकमधनं उतरलेली. उत्तरं वेगळी येणार कुठनं? एका कोपीपुढं एक बाई पहाटेची तोड करून आलेली, वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, भारे बांधत होती. मी छापील प्रश्न वाचला, "या गावात किती महिन्यांपासून राहता?" ती वर न बघता म्हणाली, "राहतो कुठं बाई, तोडतो." प्रगणकानं त्या रकान्यात ३ लिहिलं होतं आणि शेजारी बारीक अक्षरात 'कोयता'. त्यांच्यात नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. त्या शब्दाला आमच्या संगणकात रकानाच नव्हता, म्हणून तो माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता.

टिपण फाडलं. प्रगणक प्राथमिक शिक्षक होता. त्याची माफी मागितली, तर त्यानंच चहा पाजला. टपरीवरच.

पण प्रश्न तिथं मिटत नाही. नमुना पाहणीत 'नेहमीचं राहण्याचं ठिकाण' म्हणजे सलग सहा महिने किंवा त्याहून जास्त राहिलेलं. ही माणसं दसरा-दिवाळीला येतात आणि मार्च-एप्रिलला जातात, म्हणजे बरोबर उंबऱ्यावर. ऊस जास्त झाला, हंगाम लांबला, की ती सहा महिने भरून इथली रहिवासी ठरतात. कारखाना लवकर बंद झाला की अल्पकालीन. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत अल्पकालीन म्हणजे वर्षात एक महिना ते सहा महिन्यांच्या आत कामासाठी बाहेर राहिलेला, अशी व्याख्या होती. ते विचारायचं त्याच्या मूळ घरी. आणि मूळ घराला कुलूप! नवरा, बायको, पोरं, सगळी इकडं. नमुन्यात कुलूपबंद घर आलं की बदली घर घ्यायचं, आणि बदली घर कुणाचं मिळणार? जो गेलाच नाही त्याचं.

जनगणनेचं उलटं. २०११ ला मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी, संदर्भ १ मार्चचा, म्हणजे आकडा त्या दिवसाचा धरायचा. त्या दिवसांत माणूस जिथं सापडेल तिथं मोजायचा, म्हणजे टोळ्या आपल्या रानात. २०२७ च्या जनगणनेचा संदर्भही १ मार्चच आहे, म्हणजे भर हंगामातच. प्रगणक बांधावरनं कोपीपर्यंत उतरला तर माणसं आपल्या जिल्ह्यात, नाही उतरला तर कुठंच नाहीत.

आर-पायथनचं म्हणशील तर येत असेल ते वापर, कुणी अडवत नाही. कौतुकही करत नाही.

टॅब्लेटवाला

मी सध्या याच पदावर आहे, फिल्डला. मॅडमच्या काळात कागद होता, आता टॅब्लेट आहे. उत्तर भरल्याशिवाय तो पुढं सरकत नाही, त्यामुळं 'कोयता' लिहायला समासही राहिला नाही. शेऱ्याची एक खिडकी असते, ती वर कुणी उघडून बघतं का, मॅडमच जाणोत.

ताई, रडू नका, पण रविवार विसरा. शिरोली आणि गोकुळ शिरगावला एका खोलीत सात-आठ पोरं असतात, बिहार, यूपी, ओडिशाची. दिवसा गेलं तर रात्रपाळीची झोपलेली, रात्री गेलं तर मालकाला संशय. कुटुंब कशाला म्हणायचं, तर ज्यांची चूल एक. मग आठांतले पाच एकत्र भात शिजवतात, दोघं मेसला जातात आणि एकजण कधी इकडं कधी तिकडं. सांगा, किती कुटुंबं? मी तीन लिहिली. सुपरवायझर दोन म्हणाला. पुन्हा गेलो तर त्यातली चार पोरं गावी गेलेली.

बंगल्यांचं वेगळंच दुखणं. ताराबाई पार्कात वॉचमनच्या पुढं जाता आलं तर दिवस चांगला गेला म्हणायचं. मजूर बिचारे कधी नाही म्हणत नाहीत. उलट विचारतात, "साहब, इससे राशन मिलेगा?"

गांधीनगरचा

निर्वासितांचं विचारलंयत म्हणून लिहितो, नाहीतर मी कापडवाला माणूस. आमचे आजोबा सिंधमधनं आले. आमचं गांधीनगर वसलं तेच कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीच्या बराकींत, आणि त्या बराकींत आमच्या आधी पोलंडची माणसं होती. १९४३ ते ४८, पाचएक हजार, बहुतेक बायका-मुलं. रशियातनं इराणमार्गे आलेली. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकाचं थिएटर होतं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, फिरायला जाता तेव्हा बघितलं असेल.

१९५१ च्या जनगणनेत विस्थापितांसाठी वेगळा प्रश्न होता, त्यात आजोबा आले. घरी अजून सांगतात की मोजणारा दोनदा विचारून गेला, कुठल्या जिल्ह्यातले आणि कधी आलात. नंतर तो प्रश्न गेला. पुढं ते शेवटपर्यंत 'जन्म पाकिस्तान' या रकान्यात होते. धंदा इथला, मतदान इथलं, मराठी माझ्यापेक्षा चांगली आणि तक्त्यात परदेशातनं आलेले! हे बरोबर आहे का हो जुनीफाईल मॅडम?

जुनीफाईल

बरोबर आहे. जन्मस्थानाचा तक्ता तसाच चालतो, त्याला नागरिकत्वाशी देणंघेणं नसतं. परदेशात जन्मलेल्यांचा आकडा गेल्या काही जनगणनांत खाली आला त्याचं एक मोठं कारण हेच, की फाळणीची पिढी संपत आली. दिल्लीत एका बैठकीत एकजण त्या उताराचं श्रेय सीमेवरच्या बंदोबस्ताला देऊन मोकळा झाला होता. मी वयोगटाचा तक्ता त्याच्यापुढं सरकवला.

आणि पोलंडच्या लोकांचं तुम्ही लिहिलंत त्यात आमच्या कामाचा एक मासला आहे. आधीची जनगणना १९४१ ची, पुढची १९५१ ची. ते आले ४३ ला, गेले ४८ ला. पाच हजार माणसांचं गाव पाच वर्षं इथं नांदलं आणि एकाही जनगणनेत त्यांची नोंद नाही. फक्त छावणीची दप्तरं. म्हणून निर्वासितांचे आकडे दहा वर्षांनी मोजून हाती लागत नाहीत, ते नोंदवहीतनंच काढावे लागतात. आणि नोंदवही ज्याची, व्याख्या त्याची.

शिरोळची, तुझं उत्तर यातच आहे. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेचे तमिळ यांचं केंद्रीय गृहखातं बघतं. अफगाण, म्यानमारचे वगैरे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या दिल्लीतल्या कार्यालयात नोंदले जातात. दोन वह्या, आणि जनगणनेच्या रकान्यांत 'निर्वासित' असा शब्दच नाही. थंडीत आपल्याकडं स्वेटर विकायला तिबेटी येतात ना? त्यातला मुंडगोडच्या वसाहतीत जन्मलेला पोरगा जनगणनेच्या जन्मतक्त्यात 'कर्नाटक'. म्हणजे माझी निपाणीची सूनबाई आणि तो, दोघं एका रकान्यात. गृहखात्याच्या वहीत तो निर्वासित. दोन्ही नोंदी खऱ्या, बेरीज मात्र करायची नाही. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं निर्वासितांच्या आकडेवारीसाठी शिफारशी मंजूर केल्या, त्या वाच. भाषा रुक्ष आहे, पण कुणाला कुठं धरायचं याची भांडणं किती जुनी आहेत ते कळेल.

राहिली माझी तक्रार. त्या कोप्यांवाल्या गावाच्या तक्त्याखाली मी एक तळटीप लिहिली होती, या आकड्यात हंगामी ऊसतोड कुटुंबे आहेत म्हणून. छापताना पान बसत नव्हतं म्हणून कुणीतरी ती काढली. पुढं एका सभेत त्याच आकड्यावर गावाची लोकसंख्या कशी झपाट्यानं वाढतेय यावर भाषण झालं. मी मागच्या रांगेत होते. तेव्हापासून मी तळटीप खाली टाकत नाही, तक्त्याच्या मथळ्यातच घुसवते. मथळा तीन ओळींचा होतो, साहेब वैतागतात, पण तो कापता येत नाही.

शिरोळची

मॅडम, खूप आभार. म्हणजे पर्याय दिला तर आधी फिल्डच घेऊ? बाबांना काय सांगू?

जुनीफाईल

दोन हंगाम घे. एक पावसाळा, एक गाळपाचा. मग दिल्ली माग. बाबांना सांग, तुम्हाला दोनदा मोजलं त्या माणसाची चूक शोधायला जातेय.

आणि मला एक सांग. आजोबा स्लॅबवर किती रात्री होते?

शिरोळची

आत्ता फोन करून विचारलं. सहा. त्यातल्या तीन आमच्या स्लॅबवर, मग पाणी चढलं म्हणून फळी टाकून शेजाऱ्यांच्या स्लॅबवर. म्हशीला न्यायला चौघं लागले.

जुनीफाईल

म्हणजे सरकलेच की घरातनं. शेजारच्या घरी, तीन रात्री, कारण पूर. आणि हे दोन्ही याद्यांत नाही.

मिसळप्रेमी

म्हैस कुठल्या रकान्यात?