मसाज गन: उतारावर धावून धरलेल्या मांड्या आणि आईच्या दुखऱ्या पोटऱ्या (मदत हवी आहे)

चढउतार (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी,

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यंदा नाव नोंदवलंय. ज्यांनी ती धावली आहे त्यांना रस्ता माहीत आहे: साताऱ्यातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि मग तेवढंच अंतर उतरत परत यायचं. मी पुण्यात राहते, त्यामुळे सराव बोपदेव घाटात आणि अधूनमधून सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर चालतो. चढ जमतो. पण उतरून आलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्यांचा पुढचा भाग असा धरतो की जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूलाही कधीकधी खुपतं.

भावाने मसाज गन (स्नायूंवर भराभर ठोके देणारं हातातलं यंत्र) पाठवली आहे. सोबत चार हेड आहेत: चेंडूसारखं गोल, चपटं, टोकदार आणि दोन शिंगांचं. पडद्यावर १ ते ३० आकडे दिसतात. माहितीपुस्तिकेत नुसती चित्रं आहेत, आणि एका चित्रात ते टोकदार हेड चक्क मानेला लावलेलं दाखवलंय. कुठे, किती वेळ, किती जोरात लावायचं याचा काहीच उलगडा होत नाही. धावून आल्यावर लगेच लावायचं की दुसऱ्या दिवशी? मुळात याने स्नायू लवकर भरून येतात का?

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आई ६८ वर्षांची आहे, मधुमेह जुना आहे. संध्याकाळी तिच्या पोटऱ्या ठणकतात, निळ्या शिरा फुगलेल्या दिसतात, तळपायाला मुंग्या येतात. मशीन बघून ती म्हणाली, "मलाही लाव की जरा." मी अजून लावलेलं नाही. लावू का? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

रानवाट:

माझ्याकडेही आहे. लांब धावल्यावर पोटऱ्यांना आणि कुल्ल्यांना लावतो, मोकळं वाटतं. स्नायूंत साठलेलं लॅक्टिक ॲसिड त्याने निघून जातं असं आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात. आईंबद्दल मात्र डॉक्टरांना विचारा, शिरा फुगलेल्या असतील तर मी तरी हात लावणार नाही.

---

फिरकी:

वैद्यकीय बाजू जाणकार सांगतील. मी मेकॅनिकलवाला, आत काय घडतं ते सांगतो, म्हणजे त्या ३० आकड्यांचा अर्थ लागेल.

आत एक छोटी मोटर गोल फिरते. तिच्या चाकतीवर मध्यापासून जरा बाजूला एक खीळ बसवलेली असते आणि खिळीला दांडा जोडलेला असतो. त्यामुळे गोल फिरण्याचं रूपांतर पुढे-मागे धक्क्यांत होतं. शिवणयंत्राची सुई ज्या रीतीने खाली-वर होते तसंच. अमेरिकेतले कायरोप्रॅक्टर (मणके-सांध्यांवर हाताने उपचार करणारे) जेसन वर्सलँड यांनी २००७ मध्ये मोटरसायकलच्या अपघातानंतर स्वतःच्या दुखण्यासाठी असं यंत्र घरी बनवलं, तेही लाकूड कापायच्या जिगसॉ करवतीतून. तिच्यात हीच पुढे-मागे गती असते. त्यातूनच पुढे थेरागन नावाची मसाज गन आली.

विकत घेताना किंवा वापरताना तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, हेड किती मिलिमीटर पुढे-मागे जातं. मोठ्या यंत्रांत १६ मिमीपर्यंत, खिशात मावणाऱ्यांत त्याहून बरंच कमी. हे अंतर फारच कमी असेल तर ते यंत्र वरच्यावर थरथरतं, ठोका असा बसत नाही. दुसरी, मिनिटाला किती ठोके. मिनिटाला २४०० म्हणजे सेकंदाला ४०. तिसरी गोष्ट जाहिरातीत सहसा लिहिलेली नसते: किती दाबल्यावर मोटर अडते. हलकं यंत्र जरा दाबलं की थांबतं. भारी यंत्र २०-२५ किलो वजनाइतक्या दाबालाही थांबत नाही. म्हणजे भारी यंत्र हातात असेल तर जास्त दाबलं जातंय हे यंत्र तुम्हाला सांगणार नाही, ते तुमच्या हातानेच ओळखायचं.

पडद्यावरचे ३० आकडे हे फक्त वेगाचे टप्पे आहेत. ते वाढवले की ठोके वाढतात, ठोक्याची खोली तेवढीच राहते. त्यामुळे ३० वर नेलं म्हणजे खोलवर पोहोचलं असं अजिबात नाही. आणि लिथियम बॅटरी आहे, चार्जिंगला लावून उशाशी ठेवून झोपू नका. यंत्र गरम झालं, वास आला तर बंद करा.

---

स्नायूसखी:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरात काम करते. आधी आईंबद्दल लिहिते, तुमच्या मांड्या थोड्या थांबू शकतात.

आईंच्या पायांवर मशीन लावू नका. तुम्ही आधी विचारलंत हे फार बरं केलंत.

मसाज गनची सगळी सुरक्षितता 'दुखलं की थांबायचं' या एका संकेतावर उभी आहे. जुन्या मधुमेहात तळपायाला मुंग्या येत असतील तर पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. मग तो संकेत उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही, आणि आत इजा होऊन काळंनिळं पडेपर्यंत कोणाला कळत नाही. त्यात फुगलेल्या शिरांच्या भिंती ताणलेल्या असतात, वरची कातडी पातळ असते. तिथे सेकंदाला ३०-४० ठोके म्हणजे रक्त साकळायला निमंत्रण.

आणि पोटरी नेमकी कशाने दुखते हे अजून ठरलेलंच नाही. शिरांमुळे दुखत असेल तर दिवसभर उभं राहिल्यावर जड होते आणि पाय वर घेतले की उतरते. धमन्या अरुंद झाल्या असतील तर ठरावीक अंतर चाललं की पोटरी धरते आणि उभं राहिलं की काही मिनिटांत सुटते. मधुमेहात हे वारंवार दिसतं. तिसरी शक्यता सगळ्यात महत्त्वाची. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, लालसर झाली, दाबल्यावर दुखली तर आतल्या शिरेत गुठळी असू शकते. अशा पायाला मशीन तर नाहीच, तेल लावून चोळायचंही नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

म्हणून सांगा: सूज एका पायाला की दोन्ही? चालताना थांबावं लागतं का? रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?

---

चढउतार:

खूप खूप धन्यवाद, मॅडम. वाचून लगेच आईशी बोलले. दोन्ही पायांना थोडी सूज असते, संध्याकाळीच. चालताना थांबावं लागत नाही. उशीवर पाय ठेवले की बरं वाटतं. ॲस्पिरिनची लहान गोळी रोज रात्री घेते. गरम, लाल असं काही नाही.

---

स्नायूसखी:

वर्णन शिरांकडे बोट दाखवतंय, पण इथे लिहून निदान होत नाही. डॉक्टरांना दाखवून पायांची डॉपलर तपासणी (ध्वनिलहरींनी शिरांतला रक्तप्रवाह बघतात) करायची का ते विचारा. तळपायाची संवेदना तपासायलाही सांगा, नायलॉनच्या बारीक तंतूने करतात, दुखत नाही. ॲस्पिरिनमुळे मार लागला की जरा लवकर काळंनिळं होतं, तेही मशीनच्या विरोधातच जातं. तोवर दुपारी-संध्याकाळी पाय उंच ठेवून घोटे वर-खाली हलवायला सांगा. पोटरीचा स्नायू आवळला-सुटला की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. हे काम कुठलंही यंत्र तितकं चांगलं करत नाही.

आता तुमच्या मांड्या. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू शरीराचं वजन अडवत लांबत जातो. अशा लांबत जाऊन केलेल्या कामात स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणून चढताना कितीही दम लागला तरी दुखतं ते उतरल्यामुळे, आणि ते दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. रानवाट, लॅक्टिक ॲसिडचं आपल्याकडे अनेक प्रशिक्षकही सांगतात, पण धावल्यानंतर साधारण तासाभरात त्याची रक्तातली पातळी पूर्ववत होते. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे मशीनने ते काढायचाही प्रश्न येत नाही.

मग मशीन काय करतं? ठोक्यांची संवेदना मज्जारज्जूपाशी दुखण्याच्या संदेशांना काही काळ मागे सारते. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या 'गेट कंट्रोल' सिद्धांताने हे समजावून सांगता येतं. आपल्याला लागलं की आपण ती जागा चोळतो, त्यामागेही हेच आहे. शिवाय स्नायूचा ताठरपणा काही वेळ कमी होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ पुरुषांच्या पोटरीवर ५ मिनिटं मसाज गन वापरल्यावर घोट्याची हालचाल सरासरी ५.४ अंशांनी वाढली, स्नायूच्या ताकदीत फरक पडला नाही. माझाही अनुभव असाच आहे: मोकळं वाटतं, वाकायला सोपं जातं. फाटलेला तंतू मात्र आपल्याच वेळेने, झोपेने आणि खाण्याने भरतो. बरं वाटलं म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी घाटात जाल तर नुकसान होईल, आणि मला खरी भीती याचीच वाटते.

वापरायचं असं. गोल किंवा मऊ हेड, सगळ्यात कमी वेग. खुर्चीत बसून मांडी सैल सोडा. यंत्राचं वजन स्नायूवर पडेल इतकंच टेकवा, वरून दाबू नका. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथपणे मांडीच्या मधल्या मांसल भागावरून फिरवा. एका स्नायूला एक ते दोन मिनिटं पुरे. एकाच दुखऱ्या जागी धरून ठेवू नका. धावून आल्यावर आधी पाणी, खाणं, थोडं चालणं. मशीन संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने लावलं तरी चालतं.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खुपतं तिथे लावू नका. तिथे मांस नाही, जाड पट्टा आणि हाड आहे, आणि त्याच्या जरा खाली नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या वरच्या टोकाजवळून एक मज्जातंतू कातडीच्या अगदी लगत जातो. तो दुखावला तर पाऊल वर उचलता येत नाही. खुपणं कमी व्हायला कुल्ल्याचे स्नायू बळकट करायला लागतात, ते कोणाकडून तरी प्रत्यक्ष तपासून घ्या. नडगी, गुडघ्याची वाटी, गुडघ्यामागची लवण, जांघ, काख, पोट, पाठीचा कणा हेही वर्ज्य. नडगीवर बोटाएवढ्या जागी नेमकं दुखत असेल तर ती हाडाला गेलेली चीर असू शकते, तिथे ठोके नकोतच.

---

मिसळप्रेमी:

मानेचं विचारतो. दिवसभर लॅपटॉपवर बसून मान आखडते, पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे मानेला लावलं तर?

---

स्नायूसखी:

त्या चित्राचा मला खरोखर राग येतो. मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागात मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या आहेत. मसाज गन मानेवर वापरल्यानंतर मणक्यांमधून जाणाऱ्या धमनीच्या भिंतीला चीर पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. मान आणि खांद्याच्या मधला जाड मांसल भाग कमी वेगावर चालेल. त्याच्या वर नको. मान आखडते तर लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला आणा आणि मधून मधून उठा.

गरोदर बाई, पेसमेकर असलेले, रक्त पातळ होण्याची औषधं घेणारे, हाडं ठिसूळ झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा फ्रॅक्चर झालेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, या सगळ्यांनी स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

---

चढउतार:

आईला दाखवून आले. डॉपलरमध्ये गुठळी नाही, शिरांमधल्या झडपा सैल झाल्या आहेत. तळपायाची संवेदना खरंच कमी निघाली. पायाच्या धमन्यांचा रक्तप्रवाह चांगला आहे हे बघूनच डॉक्टरांनी घट्ट मोजे सांगितले, आणि अनवाणी अजिबात फिरायचं नाही असं बजावलं. घोट्याचा व्यायाम ती टीव्ही बघताना करते. मशीन तिच्यासाठी बंद. मॅडम, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

शेवटचं एक. शर्यतीच्या सकाळी आणि शर्यतीनंतर काय करू?

---

स्नायूसखी:

आईंचं वाचून फार बरं वाटलं. तळपाय रोज रात्री बघायची सवय लावा, जखम झाली तरी त्यांना कळणार नाही.

सकाळी हवं तर मांडी आणि पोटरीला अर्धा-अर्धा मिनिट, हलकंच, आणि नंतर नेहमीसारखा वॉर्म-अप. पण उतारासाठी खरा उपयोग आधीच्या सरावाचा. थोडाथोडा उतार वाढवत नेला की स्नायू पुढच्या वेळी त्याच उताराने कमी दुखावतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून बोपदेव सोडू नका, शर्यतीच्या अगदी तोंडावर मात्र मोठा उतार करू नका. उतरताना पावलं लहान टाका.

शर्यत संपल्यावर त्या दिवशी जोरात मशीन नको. २०२१ मध्ये चीनमधल्या एका तरुणीची नोंद प्रसिद्ध झाली आहे. सायकल चालवून थकलेल्या मांड्यांवर मसाज गन वापरल्यानंतर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरली. तिला रक्तक्षयही होता. अशी घटना विरळा आहे, पण त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणून दमलेल्या, पाणी कमी पडलेल्या अंगावर ठोके नकोत आणि त्यावर ब्रुफेनसारखी गोळीही नको. लघवी चहाच्या रंगाची झाली, मांडी दगडासारखी कडक होऊन असह्य दुखायला लागली, तर विश्रांतीने बघू असं न म्हणता सरळ रुग्णालयात जा आणि मशीन वापरलं होतं हेही तिथे सांगा.