पुण्याजवळ काळोख्या आकाशाखाली घर घ्यावे का?

मृगशीर्ष :
पुढील वर्षी निवृत्त झाल्यावर पुणे सोडून भोरच्या पलीकडे, नीरा-देवघर धरणाच्या बाजूला लहानसे घर घ्यावे, असा आम्हा उभयतांचा विचार आहे. शांतता आणि हवा ही कारणे आहेतच, पण मुख्य ओढ आकाशाची आहे. कोथरूडच्या गच्चीवरून हिवाळ्यातही मृग, व्याध आणि मोजके ठळक तारे एवढेच ओळखू येतात. आकाशगंगा तर तिथून दिसतच नाही. जागा निवडताना नेमके काय पाहावे, आणि आजचा काळोख आणखी दहा वर्षे टिकेल असे धरून चालणे योग्य ठरेल का?

त्रिशंकू :
पहिल्यांदा दिशा पाहावी. आपल्या अक्षांशावरून आकाशगंगेचे केंद्र, म्हणजे धनू-वृश्चिकाकडचा सर्वांत तेजस्वी भाग, दक्षिणेला जास्तीत जास्त ४३ अंश उंचीपर्यंतच चढतो. अगस्त्य हा तारा साधारण १९ अंशांवर, तर त्रिशंकू हा तारकासमूह जेमतेम १२ अंशांवर येतो. म्हणजे पाहण्याजोगे पुष्कळसे दक्षिणेकडे आणि तेही क्षितिजालगत आहे, त्यामुळे पुण्याचा उजेड पाठीशी, उत्तरेला राहील अशी जागा केव्हाही चांगली. त्या दृष्टीने आपली निवड योग्य दिसते. मात्र भोरच्या पूर्वेला शिरवळचा औद्योगिक पट्टा आहे, हे विसरू नये. मध्ये डोंगराची आड असेल तर उत्तम.

ऋतूचा हिशेबही आधीच करून ठेवावा. सह्याद्रीच्या त्या भागात जून ते सप्टेंबर आकाश जवळजवळ मिळतच नाही, आणि आकाशगंगेचे केंद्र मध्यरात्री सर्वाधिक उंचीवर येण्याचे दिवस नेमके तेच. त्यामुळे ते पाहायचे तर मार्च ते मे या महिन्यांत पहाटे उठावे लागते. केवळ आकाशासाठी घर घेणाऱ्याने वर्षाचा तिसरा हिस्सा ढगांना देऊन टाकण्याची तयारी ठेवलेली बरी.

काळवीट :
काळोख टिकण्याविषयी. २०२३ च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात नागरिकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या पन्नास हजारांहून अधिक निरीक्षणांचा अभ्यास आला. २०११ ते २०२२ या काळात रात्रीच्या आकाशातील कृत्रिम उजेड दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढला, असा त्याचा निष्कर्ष होता. या वेगाने तो आठ वर्षांच्या आत दुप्पट होतो. निरीक्षणे मुख्यतः युरोप-अमेरिकेतील असल्यामुळे हा आकडा भोरला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण वाढ उलट्या दिशेने जात असेल असे मानायलाही आधार नाही.

इंटरनेटवरील प्रकाशप्रदूषणाचे नकाशे पाहून घर ठरवू नये, एवढे आग्रहाने सांगतो. ज्या उपग्रहांवरील उपकरणांच्या नोंदींवरून ते बनतात, त्यांना निळा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. पांढऱ्या एलईडी दिव्यांत हाच निळा अंश मोठा असतो आणि वातावरणात विखुरतोही तोच सर्वाधिक. पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी बसलेल्या गावाचे आकाश उजळले, तरी नकाशात ते अधिक काळे झालेले दिसू शकते. अमावास्येच्या आसपास स्वतः तिथे मुक्काम करावा, अर्धा तास मोबाइल न पाहता डोळे सरावू द्यावेत आणि मगच मत बनवावे.

कातळवाट :
मी वेल्ह्याकडे राहतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. शहरातून येणाऱ्यांना काळोखाचे आकर्षण असते. गावाला मात्र तो परवडत नाही. शेतीपंपांची वीज अनेकदा रात्रीच येते, बांधावर घोणस-फुरशाची भीती असते आणि रस्त्यावर एक दिवा यावा म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे अर्ज केलेले असतात. त्यांना दिवे बंद करा असे सांगणे अन्यायाचे आहे. आमच्याकडे आकाश सर्वांत जास्त बिघडवतात ते फार्महाऊसचे कुंपणावरचे फ्लडलाइट, आणि ते लावणारे बहुतेक जण शांतता आणि चांदणे शोधतच इथे आलेले असतात.

दिवा असावा, पण त्याचे तोंड खाली असावे, एवढीच मागणी टिकते. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे काळोखे आकाश जपणाऱ्या उद्यानाचा, दर्जा मिळाला, त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा यांसारख्या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. लडाखमधील हानले येथेही राखीव काळोख्या क्षेत्रात लोक राहतात आणि पडदे, झाकलेले दिवे यांवरच तिथला कारभार चालतो.

मृगशीर्ष :
सर्वांचे आभार. मार्गशीर्षातील अमावास्येला तिथे मुक्काम करण्याचे ठरवले आहे. आमच्या स्वतःच्या अंगणासाठी कोणते दिवे घ्यावेत आणि ग्रामपंचायतीकडे हा विषय कसा न्यावा?

कातळवाट :
दिवा वरून व बाजूंनी पूर्ण झाकलेला, ३००० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचे माप) किंवा त्याहून कमी, पिवळसर रंगाचा असावा आणि माणूस जवळ आल्यावरच पेटेल असा सेन्सर त्याला जोडावा. ग्रामपंचायतीत पहिल्या वर्षी काहीच मागू नये. हायमास्टचा, म्हणजे उंच खांबावरच्या मोठ्या दिव्यांचा, प्रस्ताव येईल तेव्हा विजेच्या बिलाचा मुद्दा धरून झाकलेल्या दिव्यांचा पर्याय मांडावा. ताऱ्यांचा मुद्दा तिथे चालत नाही, बिलाचा चालतो.