मदत हवी आहे: ऑफिसातलं सभ्य इंग्रजी आणि कादंबरीतलं बाईचं शरीर, पीएचडीला हा एक विषय होईल का?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याला एका खासगी कॉलेजात बिझनेस कम्युनिकेशन शिकवते. इंग्रजीतल्या पीएचडीचा सिनॉप्सिस लिहायला घेतलाय. गाइड म्हणतात, एटिकेट हा भाषाशिक्षणाचा विषय, कादंबरी साहित्याचा. दोन दगडांवर पाय नको. मला दगड एकच दिसतोय.

मुलाखतीच्या तयारीच्या झेरॉक्स नोट्स आमच्याकडे वर्षानुवर्षं फिरतायत. त्यात मुलांसाठी दीड ओळ: बूट पॉलिश, दाढी. मुलींसाठी पाऊण पान. ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिन, बांगड्या वाजायला नकोत, गुडघे जुळलेले, आवाज खालच्या पट्टीत, हसू मंद. मथळा काय, तर 'स्पोकन इंग्लिश'! परवा एकीने विचारलं, "मॅडम, हात मिळवायला वाकलं की ओढणी सरकते. आधी काय सांभाळायचं?" वर्ग हसला. नोट्समध्ये उत्तर नाही.

शशी देशपांडे यांच्या १९८० च्या 'द डार्क होल्ड्स नो टेरर्स' या इंग्रजी कादंबरीत मला ते सापडतं. सरू डॉक्टर, नवरा कॉलेजात शिकवतो. मासिकाची मुलगी सरूची मुलाखत घ्यायला येते आणि नवऱ्याला हसतखेळत विचारते, बायको लोणीच नव्हे, बरीचशी पोळीही कमावते, कसं वाटतं? तिघंही हसून मोकळी होतात. त्याच रात्री नवरा अंधारात तिच्यावर तुटून पडतो आणि सकाळी जणू काही झालंच नाही असा वागतो. प्रश्न शिष्टाचाराला धरून, वळ मात्र सरूच्या अंगावर.

भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ वाचलंय (१९७५): मुलींना आर्जवी, गुळमुळीत बोलायला शिकवायचं आणि मग तशा बोलतात म्हणून कुणी मनावर घ्यायचं नाही. पण ते बोलण्यापुरतं झालं. शरीरासाठी कुणाचा आधार घेऊ? आणि मराठी पुस्तक मध्ये आणलं तर चालेल का?

मांडवीकर: ताई, समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्डचं 'द मॅनेज्ड हार्ट' (१९८३) आधी वाचा. डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सुंदऱ्यांना प्रशिक्षणात हसू नुसतं ओठांवर नको, मनापासून हवं असं शिकवत, त्यावर आहे. हसणं हाच पगाराचा भाग. तुमच्या पाऊण पानाला तो सिद्धांत फिट्ट बसतो. शिवाय फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉसचं शरीराच्या सवयींवरचं १९३४ चं व्याख्यान पाहा. न्यूयॉर्कला आजारी असताना नर्सांची चाल त्याला ओळखीची वाटली. मग लक्षात आलं, ही सिनेमात पाहिलेली. पॅरिसला परतला तर तिथल्या मुलीही तशाच चालताना दिसल्या. चालसुद्धा शिकवलेली असते, कथेतून शिकता येते. गाइडना हे एक उदाहरण पुरेल.

जुना_वाचक: पुरुषांच्या टायवरही लिहा की! तो काय कमी गळा आवळतो?

अलकापुरी: मराठीत 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह (१९३३) घ्या. शिकलेल्या, कमावत्या मुली. घर त्यांच्या पगारावर चालतंय आणि लग्नाचं कुणी नाव काढत नाही. लेखिकेने 'विभावरी शिरूरकर' हे टोपणनाव घेतलं, तरी केवढा गहजब झाला! पण त्यात ऑफिसचं इंग्रजी नाही. तुलनेपुरतं एक प्रकरण करा, फार तर. प्रबंध इंग्रजीचा आहे, हे विसरू नका.

धागाकर्ती: @मांडवीकर, मॉस गाइडना आजच पाठवते. @अलकापुरी, एकच प्रकरण, पटलं. @जुना_वाचक, टाय जरूर घेईन, पण नोट्समध्ये टाय कसा बांधायचा एवढंच आहे, तो बांधून हसायचं कसं ते नाही.

आता एकच अडलंय. टायपिंग क्लासमध्ये पूर्वी इंग्रजी पत्रलेखनाची गाइडं वापरायचे, ती साठ-सत्तरच्या दशकातली हवीत. हंसा मेहता लायब्ररी आणि मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी मी पाहतेच आहे. घरी कुणाच्या आई-मावशीचं पडलेलं असेल तर मुखपृष्ठ आणि छपाईचं साल दिसेल असा फोटो इथे टाका, प्लीज. पुस्तक मागत नाही, मुलाखतीचं प्रकरण तेवढं स्कॅन करून मिळालं तरी काम होईल.