मदत हवी आहे: जुन्या गाडीला एअरबॅग नंतर बसवता येते का?

ताईसाठी सेकंडहँड हॅचबॅक बघतोय, २०१७ चं बेस मॉडेल पसंत पडलंय पण स्टेअरिंगवर एअरबॅगचं नावच नाही, नुसता लोगो. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये, त्याआधी स्वस्त मॉडेलमधून सर्रास गाळायचे. २०१४ ला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच गाड्या ताशी ६४ किमीने ठोकून बघितल्या, पाचही शून्य स्टार! त्यातलीच पोलो दोन एअरबॅगसकट ठोकली तर चार स्टार. म्हणजे जमत होतं, पैसे वाचवले, खरंच संताप येतो.

डीलर म्हणतो बाहेरून बसवून देतो, पण मग सेन्सर, वायरिंग, बेल्टचा प्रीटेन्शनर (धडकेच्या वेळी बेल्ट आवळणारा भाग) याचं काय? कुणी करून घेतलंय का, की सरळ २०१९ नंतरचीच बघू? प्लीज सांगा, टोकन द्यायचंय.